मोटारीची नाडीपरीक्षा

ज्यांत थर्मामीटर नाहीं असें सुशिक्षितांचें घर आज सहसा आढळावयाचें नाहीं. मुलाचें अंग कढत लागलें कीं आजी कपाळास हात लावून आपला अंदाज सांगते, आई थर्मामीटर लावून आंकडा पाहाते, आणि मग डॉक्टरांकडे आतांच जावयाचें कीं सकाळपर्यंत थांबावयाचें हें ठरतें. थर्मामीटरानें ताप उतरत नाहीं, तो कशाचा आहे हेंही कळत नाहीं. तथापि "काल रात्रीं दहा वाजतां १०२ होता" असें डॉक्टरांस सांगतां येतें, व तेवढ्यानें उपचारास दिशा लागते. घरच्या मोटारीसाठीं असेंच एक साधन आतां सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आलें आहे. त्यास स्कॅनर म्हणतात. साधा प्रकार हजार-दीड हजार रुपयांत मिळतो, काड्यापेटीहून थोडा मोठा असतो, आणि आपण वाचलेलें मोबाईलवर उमटवितो. तो घरीं घ्यावा कीं नाहीं, आणि घेतल्यास कसा वापरावा, याचा विचार या वेळीं करावयाचा आहे.

घ्यावा, हें आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. मात्र तो हातीं आला कीं मिस्त्रीची गरज संपली, असा जो समज जाहिरातींनीं पसरविला आहे तो आधीं मनांतून काढला पाहिजे. थर्मामीटर विकत घेतल्यानें कोणी वैद्य होत नाहीं. स्कॅनर देतो ती साक्ष. निकाल द्यावयाचा तो माणसानेंच, आणि साक्ष न तपासतां निकाल दिला म्हणजे त्याचा दंड कुटुंबाच्या खिशांतून भरावा लागतो. तो दंड किती जबर असूं शकतो हें पुढें दिसेलच.

या साधनाचा जन्म मोटारदुरुस्तीच्या गरजेंतून झालेला नाहीं, तो धुराच्या त्रासांतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारें एक पिवळट धुकें पसरूं लागलें. तेथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत एरी हागेन-स्मिट नांवाचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते मूळचे हॉलंडचे. अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळें येतो याच्या संशोधनांत गुंतलेले. त्यांनीं १९५० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, मोटारींच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या धुरांतील न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें बनतें. पुढें त्या राज्यानें हवेच्या रक्षणासाठीं एक मंडळ नेमलें, हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्याच मंडळानें कालांतरानें १९८८ सालच्या गाड्यांपासून असा नियम घातला कीं, धूर आटोक्यांत ठेवणारी व्यवस्था बिघडल्यास तें गाडीनें स्वतःच ओळखावें व दिवा लावून चालकास कळवावें. त्या काळीं प्रत्येक कंपनीची खोबण वेगळी आणि भाषाही वेगळी. कित्येक गाड्यांत तर दोन टोकें तारेनें जोडून दिवा किती वेळां लुकलुकतो तें मोजीत बसावें लागे. १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींस सोळा पिनांची एकच खोबण व एकच सांकेतिक भाषा सक्तीची झाली. भारतांत या पद्धतीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पुण्याचे जे वाचक कोथरूडकडून वेताळ टेकडीवर फिरावयास जातात त्यांना तेथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था ठाऊक असेल; १९६६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत नव्या गाड्यांच्या धुराची कसोटी होत असते.

हा इतिहास सांगितला तो अशासाठीं कीं, त्यावरून या साधनाची नजर कोठें आहे आणि कोठें नाहीं हें उमगतें. धुराशीं ज्याचा संबंध आहे तें सारें त्यास दिसतें: इंधन किती गेलें, हवा किती आली, ठिणगी पडली कीं नाहीं, धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर काम करतो कीं नाहीं. उलट झिजलेले ब्रेक-लायनर, गुळगुळीत झालेले टायर, स्टिअरिंगचा खुळखुळाट, घसरणारा क्लच यांविषयीं तें अवाक्षर काढणार नाहीं. इंजिनांतील तेलाची पातळी किती आहे हेंही पुष्कळशा गाड्यांच्या संगणकास कळत नाहीं. त्यासाठीं बॉनेट उघडून डिपस्टिक पुसून पाहाण्याची जुनी रीतच खरी. "स्कॅनर लावला, कोड नाहीं, म्हणजे गाडी ठणठणीत" असें म्हणून सहकुटुंब कोंकणांत निघणारा मनुष्य ताप नाहीं म्हणून रोग नाहीं असें मानणाऱ्याच्या पंक्तींतला होय.

आतां प्रत्यक्ष वापराकडे वळूं. खोबण बहुधा स्टिअरिंगच्या खालीं, चालकाच्या गुडघ्यांपाशीं असते. तींत स्कॅनर बसवावा, किल्ली फिरवून दिवे लावावे, मोबाईलवरील ॲप जोडावें, आणि "कोड वाचा" असें सांगावें. जें उमटेल तें कागदावर उतरून घ्यावें. कोड म्हणजे एक इंग्रजी अक्षर व त्यापुढें चार चिन्हें. पी म्हणजे इंजिन व गिअर, बी म्हणजे गाडीचा सांगाडा व आंतील व्यवस्था, सी म्हणजे चाकें-ब्रेक, आणि यू म्हणजे संगणकांचें आपसांतील दळणवळण. दुसऱ्या ठिकाणीं शून्य असल्यास तो कोड बहुधा सर्व कंपन्यांस समान, एक असल्यास त्या त्या कंपनीचा खासगी. अशा खासगी कोडचा अर्थ भलत्याच कंपनीच्या यादींत पाहूं नये. पी०३०१ ते पी०३०४ हे चार सिलिंडरांच्या इंजिनांत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व चवथ्या सिलिंडरांत ज्वलन चुकल्याचे कोड, आणि पी०३०० म्हणजे तें कोठें एके ठिकाणीं नसून विखुरलेलें आहे.

कोडबरोबरच त्या क्षणाचें एक टिपणही संगणक ठेवतो. दोष नोंदला गेला तेव्हां इंजिनाचे फेरे किती होते, गाडीचा वेग काय होता, पाणी किती तापलें होतें, भार किती होता, हें सारें त्यांत असतें. हें टिपण अवश्य उतरून घ्यावें, कारण कोड पुसला कीं तेंही जातें. (एकत्र कुटुंबांत एकच गाडी तिघे चालवितात, आणि दिवा पेटला कीं "माझ्या हातीं असतांना कांहीं झालें नव्हतें" असें तिघेही शपथेवर सांगतात. टिपणांत वेग कळतो, वेळप्रसंगीं घाट होता कीं सपाटी होती याचाही तर्क बांधतां येतो. परंतु चालक कोण होता हें मात्र तेथें लिहिलेलें नसतें, आणि तें एका अर्थीं बरेंच आहे.)

पी०४२० हा कोड अनेकांच्या वाट्यास येतो. त्याचा शब्दशः अर्थ असा कीं कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखालीं गेली आहे. सायलेन्सरच्या नळींत बसविलेल्या या भांड्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मोलवान धातूंचा लेप असतो, आणि त्यामुळें त्याची किंमत सहज पांच आंकड्यांत जाते. कोड वाचून गृहस्थ गॅरेजांत जातो आणि म्हणतो, "कन्व्हर्टर बदला." मिस्त्री बदलून देतो, गिऱ्हाइकानेंच सांगितल्यावर त्यानें कां नको म्हणावें? महिन्याभरानें दिवा पुन्हां पेटतो. वस्तुतः संगणकानें कन्व्हर्टर उघडून पाहिलेला नसतो. कन्व्हर्टरच्या आधीं एक व नंतर एक असे ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. पहिल्याचा आंकडा सतत वरखालीं होत राहावा आणि दुसऱ्याचा शांत असावा ही निरोगी अवस्था. दुसराही पहिल्याप्रमाणेंच नाचूं लागला म्हणजे संगणक अनुमान काढतो कीं मधलें भांडें निकामी झालें. परंतु नळीस बारीकशी चीर पडून बाहेरची हवा आंत आली, किंवा सेन्सरच म्हातारा झाला, तरी हेंच दृश्य दिसतें. आणि इंजिन तेल जाळीत असेल किंवा एखाद्या सिलिंडरांत ज्वलन चुकत असेल, तर कन्व्हर्टर खरोखरच बिघडलेला असतो, पण मूळ कारण तसेंच राहिल्यामुळें नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेनें जातो. कोडनें नांव घेतलें तें आजाऱ्याचें, आजाराचें नाहीं.

याच्या उलट, ज्यांत घरच्या घरीं बिनखर्चानें पुरावा मिळतो असा एक प्रकार सांगतों. पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें. कारण प्लग असेल, प्लगवरची इग्निशन कॉईल असेल, इंजेक्टर असेल, किंवा आंतील दाबच कमी झाला असेल. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, किल्ली काढून घेऊन, पहिल्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर व तिसऱ्याची पहिल्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. आतां पी०३०३ उमटला, तर दोष कॉईलबरोबर चालत गेला हें सिद्ध झालें. एक कॉईल आणावी, काम संपलें. पी०३०१ च कायम राहिला, तर कॉईल निर्दोष. मग प्लगची तशीच अदलाबदल करून पाहावी. येथें गणितांतील रीतीप्रमाणें एकेक पद बाजूस काढीत जाणें आहे, आणि सुटींत घरीं असलेल्या कॉलेजांतल्या मुलामुलींस याहून चांगला प्रयोग कोणत्या प्रयोगशाळेंत मिळणार? मात्र पिवळ्या वेष्टनाच्या तारांस व जोडांस कोणींही हात लावूं नये. त्या एअरबॅगच्या असतात, व ती फुटली तर हातांतोंडाची खैर नाहीं. तसेंच बंदिस्त गॅरेजांत इंजिन चालू ठेवून कांहींही पाहात बसूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाहीं व वासही नाहीं.

सर्वांत अधिक शिकण्याजोगा कोड आमच्या मतें पी०१७१. त्याचा अर्थ, मिश्रण अति विरळ आहे. हवा अधिक आणि पेट्रोल कमी. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हें प्रमाण राखण्यासाठीं संगणक धुरांतील ऑक्सिजनवर नजर ठेवून पेट्रोल क्षणोक्षणीं कमीजास्त करीत असतो, आणि आपण मूळ हिशेबाहून किती टक्के सरकलों याची नोंद ठेवतो. ॲपमध्यें ही नोंद "फ्युएल ट्रिम" या नांवानें दिसते. एक तात्कालिक, एक दीर्घकालीन. दोन्ही मिळून शून्याच्या आसपास, पांच-सात टक्के इकडेतिकडे, असली कीं घर सुरळीत चाललें आहे. पंधरा-वीस टक्के अधिक दिसूं लागली, तर संगणक गपचूप जास्त पेट्रोल ओतून गाडा हांकतो आहे असें समजावें. खर्चाचा मेळ उसनवारीनें घालणाऱ्या संसारासारखी ही स्थिति; बाहेरून कांहीं दिसत नाहीं, परंतु ओढाताण चालू असते, आणि ती मर्यादेबाहेर गेली म्हणजे दिवा पेटतो.

ही हवा कोठून आली, किंवा पेट्रोल कोठें अडलें, हें शोधण्याची एक सोपी युक्ति आहे. गाडी उभी ठेवून, उघड्या जागेंत, इंजिन गरम झाल्यावर आधीं मंद गतीनें चालूं द्यावें व आंकडा लिहावा. नंतर ॲक्सिलरेटर हलकेच दाबून फेरे अडीच हजारांवर कांहीं वेळ ठेवावे व पुन्हां लिहावा. मंद गतींत आंकडा फार चढलेला आणि अडीच हजारांवर बराचसा खालीं आला, तर बहुधा कोठेंतरी फटींतून चोरटी हवा येत आहे: हवेच्या रबरी नळीस गेलेला तडा, सैल झालेला क्लॅम्प, कडक होऊन फुटलेली एखादी बारीक व्हॅक्यूम नळी. मंद गतींत इंजिन मुळांतच थोडी हवा घेतें, म्हणून फटींतून येणारी हवा त्यांत मोठा वांटा ठरते; फेरे वाढले कीं तोच वांटा नगण्य होतो. उलट मंद गतींत आंकडा ठीक आणि भार पडतांच चढूं लागला, तर पेट्रोल पुरेसें पोंचत नाहीं असा संशय घ्यावा: पंप दमलेला, फिल्टर तुंबलेला, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळल्यामुळें हवा कमी मोजीत आहे. ही कसोटी हवेचें वजन थेट मोजणारा सेन्सर ज्या गाडींत असतो तेथें स्पष्ट उतरते. लहान गाड्यांत पुष्कळदां त्याऐवजीं नळींतील दाब मोजणारा सेन्सर असतो, तेथें फटीची खूण इतकी ठळक उमटत नाहीं, इंजिनाचे मंद फेरेच वाढलेले दिसतात. या सर्वांत खर्च शून्य. आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या दिवसांत एक कारण सर्वांच्या आधीं तपासावें. उबेस आलेले उंदीर बॉनेटखालीं बिऱ्हाड थाटतात आणि नळ्या व तारा कुरतडतात. टॉर्च घेऊन दोन मिनिटें पाहिल्यानें जें दिसेल तें कोणत्याही यंत्रास सांगतां येणार नाहीं.

इतकें केल्यावर मिस्त्रीकडे जावें. आणि येथें आमच्या सुशिक्षित बंधूंस एक गोष्ट जरा स्पष्टपणें सांगावीशी वाटते. मोबाईल पुढें करून "पी०१७१ आहे, ऑक्सिजन सेन्सर बदला" असा हुकूम सोडणें म्हणजे डॉक्टरांस औषधाचें नांव सांगून चिठ्ठी मागणें. त्यांत मिस्त्रीचा अपमान तर आहेच, शिवाय जबाबदारी त्याच्या अंगावरून उतरून आपल्या अंगावर येते. भाग बदलून दोष राहिला, तर तो म्हणणार, "साहेब, तुम्हींच सांगितलेंत." त्याऐवजीं तक्रार सांगावी: गाडी सकाळीं सुरू होतांना थरथरते, दिवा अमुक दिवशीं पेटला, कोड हा, टिपण हें, मंद गतींत आंकडा इतका व अडीच हजारांवर इतका. ज्यानें वीस वर्षें इंजिनें उघडलीं आहेत तो मिस्त्री हें ऐकून बहुधा सरळ त्या नळीकडेच हात नेईल. जो ऐकूनही न पाहातां तीन भागांची यादी काढील, त्याच्याविषयीं आपणांस कांहीं कळलें, तेंही थोडें नव्हे. घरांतील सून किंवा मुलगी एकटी गाडी घेऊन गेली कीं "ताई, तुम्हांला नाहीं कळायचं, घरच्या कोणाला पाठवा" असें ऐकविणारीं गॅरेजें अजून आहेत. तारखेसह लिहिलेला कागद तिच्या हातांत असला म्हणजे हें वाक्य बहुधा ओठांतच राहातें.

कोड पुसण्याचें बटण प्रत्येक ॲपमध्यें असतें, आणि तें दाबण्याचा मोह अनावर असतो. दुरुस्तीपूर्वीं तें दाबूं नये. खरें तर दोष गेला असेल, तर संगणक स्वतःच सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा विझवितो, आणि इंजिन चाळीस वेळां गरम होऊन थंड झालें कीं जुना कोडही विसरतो. पुसण्यानें आणखी एक गोष्ट घडते, ती फार थोड्यांस ठाऊक असते: संगणक ज्या स्वतःच्या परीक्षा घेत असतो त्यांचे निकालही कोरे होतात, व गाडी निरनिराळ्या वेगांनीं कांहीं दिवस फिरल्याशिवाय ते पुन्हां भरत नाहींत.

जुनी मोटार घेणाऱ्या कुटुंबास याच गोष्टीचा अतिशय उपयोग होतो, आणि आमच्या मतें स्कॅनरची किंमत या एका प्रसंगींच वसूल होते. मध्यम स्थितींतील घरें बहुधा जुनीच गाडी घेतात, आणि त्यांत मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या पैशांतूनही कांहीं रक्कम गेलेली असते. विकणारा गाडी धुवून-पुसून उभी करतो. दिवा विझलेला, कोड एकही नाहीं. अशा वेळीं स्कॅनर लावून तीन गोष्टी पाहाव्या. एक, स्वपरीक्षांची यादी, ॲपमध्यें "रेडिनेस" म्हणून असते ती. दुसरी, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली तो आंकडा. तिसरी, पुसल्यापासून इंजिन किती वेळां गरम झालें ती संख्या. रोजच्या वापरांतील म्हणून सांगितलेल्या गाडीच्या बहुतेक परीक्षा अपूर्ण, आणि पुसल्यापासून चार किलोमीटर, असें दिसलें म्हणजे आज सकाळींच कोणीतरी पाटी कोरी केली आहे हें उघड होय. बॅटरी नुकतीच बदलली असेल तरीही असें होऊं शकतें. म्हणून भांडूं नये, आरोप करूं नये. "आठवडाभर चालवा, पुन्हां पाहूं, मग व्यवहार" एवढेंच म्हणावें. प्रामाणिक विक्रेता कबूल होतो. दुसऱ्यास एकाएकीं "आणखी एक गिऱ्हाईक" आठवतें. सर्वच जुन्या गाड्या हे आंकडे देत नाहींत, आणि एकूण धांव किती झाली याचा काटा मागें फिरविला आहे कीं काय, हें या साध्या स्कॅनरवरून खात्रीनें कळत नाहीं. त्यासाठीं सर्व्हिसच्या नोंदीच मागाव्या.

दिव्याविषयीं दोन शब्द. पिवळा इंजिनाचा दिवा स्थिर लागला असेल, तर घाबरून रस्त्यांत थांबण्याचें कारण नाहीं. घरीं यावें, कोड वाचावा, दोन-चार दिवसांत दाखवावें. तोच दिवा लुकलुकूं लागला, तर ज्वलन इतकें चुकतें आहे कीं न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन तो जळून जाण्याचा संभव आहे. वेग तात्काळ कमी करून गाडी सोयीच्या जागीं उभी करावी. तेलाचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधूं नये. इंजिन त्याच क्षणीं बंद करावें.

घाटांतील प्रवासांत मात्र या साधनासारखा सोबती नाहीं. नव्या लहान गाड्यांपैकीं पुष्कळांच्या फळ्यावर पाण्याच्या उष्णतेचा काटाच नसतो. थंड असतां निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, मधलें सारें अंधारांत. लाल दिवा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. स्कॅनर तोच आंकडा अंशांत दाखवितो. साधारणतः ८५ ते ९५ च्या आसपास स्थिर राहाणारें पाणी वैशाखांत भरलेल्या गाडीनें घाट चढतांना १०५, १०८ असें सरकूं लागलें, तर एअर कंडिशनर बंद करावा व पुढें सुरक्षित वळणावर थांबावें. रेडिएटरचें झाकण गरम असतांना उघडूं नये, हें सांगावयास नकोच. तरी दरवर्षीं कोणी ना कोणी भाजतोच, म्हणून सांगितलें. आंकड्यांकडे पाहाण्याचें काम चालकाचें नव्हे. मागच्या बाकावरील एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे मोबाईल द्यावा. तो इतक्या निष्ठेनें दर मिनिटास आंकडा पुकारतो कीं शेवटीं त्यास गप्प बसवावें लागतें.

बॅटरीचा दाबही याच ठिकाणीं दिसतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडींत सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सुरू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.५ असावा, कांहीं नव्या गाड्या हा दाब मुद्दाम कमीजास्त करतात, तेवढा अपवाद धरावा. बॅटरी क्षीण झाली म्हणजे संगणक गोंधळून एकमेकांशीं संबंध नसलेले पांच-सहा कोड एकदम टाकतात. असे अनेक कोड दिसले तर एकेकाचा अर्थ शोधीत बसण्यापूर्वीं बॅटरी व तिचीं टोकें पाहावीं.

आतां खरेदी. स्वस्त स्कॅनरांत बहुतांशीं जी चिप असल्याचें लिहिलेलें असतें ती ईएलएम३२७, कॅनडांतील एका लहान कंपनीनें काढलेली. ती कंपनी २०२२ सालीं बंद झाली, परंतु तिच्या चिपच्या नकला त्याच्या कितीतरी आधींपासून बाजारांत सुळसुळाट करून आहेत. कांहीं नकला चांगल्या चालतात, कांहीं अर्धवट उत्तरें देतात, आणि वेष्टनावर छापलेला आवृत्तीचा आंकडा यांतील भेद सांगूं शकत नाहीं. म्हणून परत घेण्याच्या बोलीवर घ्यावा, आणि पहिल्या दिवशींच आपल्या गाडीवर फेरे, वेग, पाण्याची उष्णता व कोड हीं चारही नीट दिसतात कीं नाहीं तें पाहावें. मोबाईल आयफोन असल्यास तो त्या स्कॅनरशीं जुळतो कीं नाहीं हें आधीं विचारावें. ब्लूटूथचे सर्वच जुने प्रकार त्याशीं जुळत नाहींत. विजेच्या मोटारींस खोबण असली तरी हे कोड व हे आंकडे तेथें बहुतेक लागू पडत नाहींत. अशा गाडीसाठीं तिच्याच जातीचें ॲप मिळतें कीं काय तें आधीं शोधावें.

घरांत एक वही करावी. तारीख, किलोमीटर, कोड, टिपणांतील आंकडे, मिस्त्रीनें काय केलें, किती पैसे दिले, आणि दिवा पुन्हां पेटला कीं नाहीं. निरोगी असतांनाचे आंकडेही महिन्यांतून एकदां लिहून ठेवावे, थर्मामीटरास ९८.४ हें सर्वांसाठीं ठरलेलें आहे, मोटारीचें तसें नाहीं, प्रत्येक गाडीची प्रकृति निराळी. ही वही ज्याच्या अक्षरास घरांत सर्व वाचूं शकतात त्याच्याकडे असावी. बहुतेक घरांत ती वहिनींकडे जाईल असा आमचा तर्क आहे.

स्कॅनर खोबणींत तसाच ठेवावा काय, असें कित्येक विचारतात. ठेवूं नये. गाडी उभी असतांनाही तो थोडी थोडी वीज पीत असतो, आणि पंधरा दिवस बाहेरगांवीं जाऊन आल्यावर बॅटरी उतरलेली सांपडते. शिवाय गुडघा लागून खोबणीच्या पिना वाकतात, आणि स्वस्त ब्लूटूथ उघडा राहिला तर शेजारून कोणीही त्यास जोडून घेऊं शकतो. काम झालें कीं काढावा, वहीबरोबर ग्लव्ह-बॉक्समध्यें ठेवावा, आणि खोबणीचें झाकण लावून टाकावें.